तीन डोस झाले, रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी अंगात त्राण नाही

यावेळी आलेल्या पत्रांत दवाखान्यात काम करणाऱ्यांचीच पत्रं जास्त आहेत, कुणी सिस्टर, कुणी लॅबमध्ये, कुणी आशाताई, आणि सगळ्यांचं दुखणं साधारण एकाच जातीचं, कोविडचा ताप कधीच गेला पण तब्येत काही जागेवर आली नाही. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवले आणि आजची सगळी जागा यांनाच दिली.

प्रश्न: मी कोल्हापुरात एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, वय ४१. २०२१ ला लस आली तेव्हा पहिल्याच टप्प्यात दोन्ही डोस घेतले, २०२२ ला बूस्टरपण घेतला. दुसऱ्या लाटेत कोविड वॉर्डला ड्युटी केली तेव्हा काही झालं नाही. गेल्या वर्षी मात्र साधा ताप आला, टेस्ट पॉझिटिव्ह, चार-पाच दिवसांत बरी झाले, ॲडमिटपण व्हावं लागलं नाही. पण त्यानंतर मी पहिल्यासारखी राहिलेच नाही. नाईट करून आले की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, उभी राहिले की छातीत धडधडतं, रोजच्या औषधाचं नाव ऐनवेळी तोंडावर येत नाही. रक्त, एक्सरे, ईसीजी सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. घरचे म्हणतात रंकाळ्यावर फिरायला जा, गेले, तर उलट जास्तच झोपून राहिले. सगळ्यांचं एकच, तीन डोस झालेत मग कसलं पोस्ट कोविड. हे माझ्या मनाचे खेळ आहेत का?

उत्तर: नाही ताई. मनाचे खेळ नाहीत, आणि हे पहिल्याच ओळीत लिहितोय कारण तुम्हाला हे आत्तापर्यंत कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आधी डोसचं बघू. लस घेतली की इन्फेक्शन होतच नाही असा समज २०२१ मध्ये पसरला आणि तो अजून लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही. लशीचं मोठं काम म्हणजे माणूस व्हेंटिलेटरवर जाऊ नये, दगावू नये, आणि ते काम तिने केलं. पण रक्तातल्या अँटीबॉडी काही महिन्यांत उतरायला लागतात, नाका-घशात तर दंडावरच्या इंजेक्शनाने संरक्षण कमीच तयार होतं, त्यामुळे विषाणू शिरतो, आतली फौज त्याला आवरते, ताप चार दिवसांत जातो. आणि तरीसुद्धा काही जणांना त्याच्या मागे दुखणं चिकटून राहतं. हे तुमच्या लोकांमध्येच मोजलंय. इस्रायलच्या शेबा मेडिकल सेंटरमध्ये २०२१ च्या सुरुवातीला पूर्ण लस झालेल्या जवळपास दीड हजार कर्मचाऱ्यांच्या टेस्ट केल्या, ३९ पॉझिटिव्ह निघाले, बहुतेकांना किरकोळ त्रास किंवा काहीच नाही, ॲडमिट कुणीच झालं नाही. पण त्यातल्या १९ टक्के लोकांना सहा आठवडे उलटून गेले तरी काही ना काही होतंच, कुणाचा वास गेलेला, कुणाला खोकला, थकवा, धाप, अंगदुखी. लोक थोडे आहेत, लस फायझरची आहे, म्हणून तो टक्का जसाच्या तसा इथे लावता येणार नाही, पण लस झालेल्या सिस्टरला हे होऊ शकतं का याचं उत्तर तेव्हाच मिळालं होतं.

मग लशीचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग आहे, या बाबतीतसुद्धा आहे. इटलीत नऊ ठिकाणच्या अडीच हजारांवर आरोग्य कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला, २०२२ च्या जुलैत छापून आला, त्यात ॲडमिट न होता बरे झालेल्यांमध्ये लांबलेला त्रास लस न घेतलेल्यांत ४१.८ टक्क्यांना होता, दोन डोसवाल्यांत १७.४ आणि तीन डोसवाल्यांत १६ टक्क्यांना. सगळा फरक लशीचाच असं म्हणता येत नाही कारण लाटाही वेगवेगळ्या होत्या. पण धोका कमी झाला, शून्य झाला नाही, हे यातून नीट दिसतं, आणि तुम्ही त्या उरलेल्यांपैकी आहात. यात तुमची काही चूक नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या ऑक्टोबरात या लांबलेल्या त्रासाची, म्हणजे पोस्ट कोविडची, व्याख्या केली, इन्फेक्शन झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारा, किमान दोन महिने टिकलेला आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडत नसलेला त्रास. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, त्याला यू०९.९ असा कोडपण आहे. हा कोड डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या, पुढे रजेच्या वेळी उपयोगी पडतो. कारण काय म्हणाल तर विषाणूचे अवशेष शरीरात राहणं, प्रतिकारशक्ती नको तिथे पेटलेली राहणं, नाडी आणि बीपी सांभाळणाऱ्या नसांचा तोल बिघडणं, अशा बऱ्याच गोष्टींचा पुरावा मिळालाय, एकच एक कारण पक्कं झालेलं नाही. आणि यातलं काहीही रक्ताच्या साध्या तपासणीत (सीबीसी), एक्सरेत, ईसीजीत दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ त्या रिपोर्टने जे शोधलं ते सापडलं नाही, एवढाच. बायकांना हे पुरुषांपेक्षा जास्त होतं हेही ठिकठिकाणी दिसलंय, आणि बायकांच्याच थकव्याला टेन्शन म्हणून वाटेला लावायची आपल्याकडे जुनी सवय आहे, मला तिचा खरंच राग येतो.

आता रंकाळ्याचं. आपलं कोल्हापूर तालमीचं गाव, अंग मोडून घाम गाळला की दुखणं पळतं ही इथल्या हवेतलीच गोष्ट, आणि एरवी ती खरीही आहे. पण तुमच्या पत्रात एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं, फिरून आल्यावर जास्त झोपून राहिले. श्रम केले की लगेच नाही तर बारा तासांनी, कधी दीड-दोन दिवसांनी अंग गळून जातं आणि ते दिवसच्या दिवस भरून येत नाही, ही या आजाराची खूणच आहे, आणि ज्याला ही खूण आहे त्याच्यासाठी रोज थोडं थोडं वाढवत व्यायाम करायचा हा सल्ला नाही. ब्रिटनमध्ये याच धर्तीच्या जुनाट थकव्याच्या आजाराची नियमावली २०२१ मध्ये बदलली तेव्हा व्यायाम ठरलेल्या टप्प्याने वाढवत न्यायची पद्धत त्यातून काढूनच टाकली. तुमचं शरीर सध्या ऊसतोडीच्या उचलीसारखं चालतंय, आज जास्तीची ताकद उचलली की ती पुढचे चार दिवस व्याजासकट फेडत बसायची. म्हणून उचल घ्यायचीच नाही. आठ-पंधरा दिवस वहीत लिहून काढा, काय केलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कसं वाटलं, त्यातून तुमची मर्यादा कुठे आहे ते दिसेल, मग त्या मर्यादेच्या थोडं आतच राहायचं, बरं वाटतंय त्या दिवशीसुद्धा. हेच सगळ्यात अवघड असतं, कारण बरं वाटलं की तुम्ही साठलेलं धुणं, फरशी, फराळाचं सगळं एका दमात काढायला जाता आणि परत आडव्या होता. भाजी चिरायची तर बसून चिरा, अंघोळीला स्टूल घ्या, डोकं धुण्याचा दिवस आणि बाजाराचा दिवस एक ठेवू नका. आणि घरातल्यांनी हे वाचावं, वहिनी आळशी झाली नाहीये.

उभं राहिल्यावर धडधडतं त्याची एक साधी तपासणी घरी होते. पाच-दहा मिनिटं शांत पडून राहा, नाडी मोजा, बीपी बघा. मग उठून भिंतीजवळ दहा मिनिटं उभ्या राहा, जवळ कुणीतरी असू दे, दर मिनिटाला नाडी आणि मध्ये-मध्ये बीपी लिहा. चक्कर आली तर लगेच बसा. आडवं असतानाच्या नाडीपेक्षा ३० किंवा जास्त ठोके वाढले आणि तसेच वर राहिले, बीपी मात्र पडलं नाही, तर तो कागद फिजिशियनला दाखवा, कारण झोपवून काढलेल्या ईसीजीत हे सापडणारच नाही. याच्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे, पाणी आणि मीठ वाढवणं (बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नाही), पायात घट्ट मोजे, सकाळी झटकन न उठणं, आणि लागलं तर नाडी आवरणाऱ्या गोळ्या, त्या डॉक्टरच ठरवतील. शिवाय टीएसएच (थायरॉईडची), फेरिटीन (अंगातल्या लोहाची), बी-१२, व्हिटॅमिन डी, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची) ही रक्तं झाली नसतील तर करून घ्या, कारण थायरॉईड किंवा रक्त कमी असणं यामुळेही असाच थकवा येतो आणि ते लवकर दुरुस्त होतं, सगळ्याला पोस्ट कोविड म्हणून मोकळं होणंही बरोबर नाही.

औषधाचं नाव आठवत नाही हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, बरेच जण लाजेने लपवतात. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम असली इंजेक्शनं भरताना दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्या, हँडओव्हर लिहूनच घ्या आणि लिहूनच द्या. आणि कोण ताकदीच्या सलाईनचं, महागड्या इंजेक्शनांचं पॅकेज सांगेल तर पैसे घालवू नका, या आजाराला खात्रीचं एकच औषध अजून नाही. स्टेरॉईड तर स्वतःच्या मनाने अजिबात नको, २०२१ मध्ये काळ्या बुरशीने लोकांचे डोळे गेले त्यात अनावर शुगरबरोबर स्टेरॉईडचा भडिमारही होता, ते तुम्ही वॉर्डात बघितलंच असेल.

अजून एक. २०२१ चा जून-जुलै आठवा, राज्यात बाकीकडे लाट ओसरत होती तेव्हा आपल्या जिल्ह्यात पॉझिटिव्हिटी उतरायला तयार नव्हती आणि त्यातच पंचगंगेला महापूर आला. त्या दिवसांत तुम्ही लोकांनी पीपीई किटमध्ये भिजून काम केलं. आज तुमच्यावर पाळी आली तर ते अंगावर काढू नका, रजा मागा. सरकारी नोकरीत असाल तर वैद्यकीय दाखल्यावर परावर्तित रजा मिळते, म्हणजे पगार पूर्ण मिळतो पण अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात, आणि तो खर्च करण्यासारखा आहे.

छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, एकाच पायाला सूज आणि दुखणं, बसल्याजागी धाप, किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली, यातलं काहीही झालं तर मात्र वही-बिही बाजूला ठेवून त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा.

प्रश्न: लॅब टेक्निशियन आहे, राजारामपुरीत राहतो, दोन डोस झालेत. कोविडनंतर वास गेला होता तो परत आला पण उलटाच आला, चहाला जळक्या रबराचा वास येतो, कांदा-लसूण परतला की मळमळतं, तांबडा रस्सा तर तोंडाजवळ नेववत नाही. कायमचं असंच राहणार का?

उत्तर: बहुतेकांचं हळूहळू सुधारतं दादा, पण महिने लागतात, काहींना वर्षाच्या वर. वास उलटा येणं हे वासाच्या नसा पुन्हा वाढत असतानाच दिसतं, म्हणजे अजिबात वास नसण्यापेक्षा ही जरा पुढची पायरी आहे. वासाचा सराव करा, त्याचा पुरावा चांगला आहे आणि खर्च काहीच नाही. लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब, चार छोट्या डब्या, सकाळी आणि रात्री प्रत्येकीचा वीस सेकंद शांतपणे वास घ्यायचा, डोक्यात तो वास आठवत, किमान तीन महिने, मध्ये सोडायचं नाही. जेवण गरम गरम घेण्यापेक्षा कोमट किंवा गार घ्या, वास कमी मारतो, आणि दही, भात, काकडी, फळं असलं चालतं का बघा, वजन उतरू देऊ नका.

आणि तुम्ही लॅबला आहात म्हणून मुद्दाम सांगतो, फॉर्मालीन सांडलं किंवा घरी गॅस लीक झाला तर तुम्हाला वासावरून कळेलच असं नाही, हे जोडीदाराला आणि घरच्यांना सांगून ठेवा.

प्रश्न: मिसेस इचलकरंजीत नर्स आहेत, कोविडनंतर सहा महिने आजारीच आहेत. व्हॉट्सॲपवर रोज येतं की हे सगळं लशीमुळे होतंय. खरं काय?

उत्तर: भाऊ, एक तारीख लक्षात ठेवा. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, जगातही २०२० च्या डिसेंबरातच. आणि महिनोन्महिने न जाणारा थकवा, धाप, डोकं बधिर होणं याच्या तक्रारी जगभरातून २०२० च्या उन्हाळ्यापासूनच येत होत्या, तेव्हा चाचण्यांमधले स्वयंसेवक सोडले तर लस लोकांच्या दंडात गेलेली नव्हती. लशीचे दुष्परिणाम नाहीतच असं मी म्हणणार नाही, कोविशील्डसारख्या लशीने फार क्वचित रक्ताच्या गाठी झाल्या, एमआरएनए लशींनी (फायझरची त्यातलीच) क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज आली, हे नोंदलं गेलंय आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण ते बहुतेक डोसनंतरच्या दिवसांत-आठवड्यांत दिसतं. मिसेसचा त्रास तुमच्याच पत्राप्रमाणे इन्फेक्शननंतर सुरू झालाय. डोसनंतर लगेच काही झालं असेल तर ते वेगळं, तारखेसकट डॉक्टरांना सांगा, त्याची नोंद व्हायला पाहिजे. बाकी ते मेसेज त्यांना दाखवू नका, आजारी माणसाला आपणच चूक केली असं वाटायला लागतं.

प्रश्न: मी गगनबावडा तालुक्यातली आशा हाय. लशी सगळ्या घेतल्यात. सर्दी-तापानंतर दोन महिनं झालं खोकला जाईना, वाड्या-वस्त्यांवर चढून जाताना लई धाप लागती, वजन बी उतरलंय. मॅडम म्हणत्यात कोविडनंतरचं आसंल, जाईल हळूहळू. काय करू?

उत्तर: मावशी, थांबू नका, याच आठवड्यात थुंकी तपासायला द्या. दोन आठवड्यांच्या वर खोकला आणि उतरलेलं वजन म्हटलं की आपल्याकडे आधी टीबी नाही ना हे बघायचं, हे तुम्हीच गावाला सांगत फिरता, स्वतःलाही तेच लावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी फुकट होते, निघालाच तर औषधंही फुकट आणि तो बरा होणारा आजार आहे. छातीचा एक्सरे काढा, हिमोग्लोबिन आणि शुगर बघा. चूल पेटवत असाल तर धुराचंही डॉक्टरांना सांगा, दम्यासारखं निघालं तर पंप लागेल, त्याला घाबरू नका.

हे सगळं निघालं नाही तरच कोविडनंतरचं म्हणायचं. तोवर चढाला सावकाश जा, नाकानं श्वास घ्यायचा आणि शिट्टी मारल्यासारखे ओठ करून हळूहळू सोडायचा, धाप लागायच्या आधीच टेकायचं. तुम्हाला मानधन आणि कामावरचा मोबदला, पगारी आजारपणाची रजा नाही, घरी बसलं की पैसे बुडतात, हे मला माहीत आहे आणि हे चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कोविडच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा काढला होता तोही मृत्यू झाल्यावरचा, जगून आजारी राहिलेल्या बाईसाठी त्यात काही नव्हतं. तुमच्या संघटनेकडे लेखी द्या, गटप्रवर्तक ताईंना सांगून लांबच्या वस्त्या काही दिवस दुसरीकडे वाटून घेता येतात का विचारा.

प्रश्न: मी वॉर्ड इन्चार्ज सिस्टर आहे. माझ्या हाताखालच्या दोघी कोविडनंतर सारख्या रजेवर जातात, बाकीच्या कुरकुर करतात. स्टाफ आधीच कमी. ड्युटी लावायची कशी?

उत्तर: सिस्टर, तुमची ओढाताण कळते, पण त्या दोघींना पूर्ण ड्युटीला ओढलंत तर पंधरा दिवसांनी त्या पुन्हा महिनाभर जातील, आणि वॉर्डचं त्यात जास्तच नुकसान आहे. त्यापेक्षा सुरुवातीला लागोपाठ नाईट देऊ नका, शक्य असेल तर नाईटच नको, अर्धी ड्युटी किंवा एक दिवसाआड ड्युटी असं लेखी मंजूर करून घ्या. बसून करायची कामं आधी त्यांच्याकडे द्या, इंडेंट (औषध-सामानाची मागणी), रजिस्टर, डिस्चार्जची कागदं, ओपीडीतलं समुपदेशन. स्ट्रेचर ढकलणं, पेशंट उचलणं, दोन-दोन मजले जिना हे सध्या नको. मध्ये पंधरा मिनिटं आडवं व्हायला जागा द्या, चेंजिंग रूममधला एक बेड पुरतो. किती वाढवायचं हे त्यांनीच सांगू दे, दर पंधरवड्याला विचारा, आणि एखादा आठवडा मागे गेला तर त्यावर नाराजी दाखवू नका.

कुरकुरीचं म्हणाल तर सगळ्यांना एकत्र बसवून आजार काय आहे ते तुम्हीच सांगा, त्या दोघींना विचारून. आणि एक नियम सगळ्यांनाच लावा, अंगात ताप असताना कुणालाही ड्युटीला बोलवायचं नाही, खोकल्याच्या पेशंटजवळ एन-९५, खिडक्या उघड्या. पुन्हा इन्फेक्शन झालं की लांबलेला त्रास आणखी वाढू शकतो, आणि आज कुरकुरणारी उद्या त्याच जागी असू शकते. जादा स्टाफची मागणी मेट्रनकडे लेखीच द्या, रजेचे दिवस आणि रिकाम्या पोस्ट दोन्ही आकडे लिहून, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.